अडतीस टक्के

माझ्याकडे शाळा बेचाळीस,
स्कूटी एक, तीही बहिणीच्या नावावर.
नेमणूक अकरा महिन्यांची.
बाराव्या महिन्यात मी कोण असते
हे पंचायत समितीत कुणाला विचारू नये.

या गावाला माझा महिन्यातून एक गुरुवार येतो.
वसमतच्या पुढं ओढ्याचा पूल ओलांडला की,
हंगाम असला तर,
शिजत्या हळदीचा वास अंगावर येतो.
शाळा त्या वासाच्या अलीकडं.

प्रज्योत खिल्लारे, इयत्ता दुसरी.
हजेरीपटावर नावापुढं गुरुजींनी
पेन्सिलीनं बारीक लिहिलंय: विशेष.
घंटा झाली की त्याची कानांत बोटं.
परिपाठाला रांगेत उभा केला तर
भिंतीकडं तोंड करून
तोच एक शब्द, तोच एक शब्द.
गुरुजी वाईट नाहीत. चार वर्ग, दोन मास्तर,
त्यातला एक कायम ट्रेनिंगला.
म्हणाले, बाई, तुम्ही येता तेव्हा लेकरू शाळेत असतंय,
एरवी नुसतं हजर असतंय.

वरून साहित्याचा संच आला होता:
मणी, ठोकळे, परदेशी फळांची चित्रं.
स्ट्रॉबेरीपुढं तो आणि मी
दोघंही गप्प बसून राहिलो.

मग त्याची आई सांगून गेली, जाता जाता:
"पॉलिशचं डरम फिरायलं ना मॅडम,
की ह्यो तिथंच बसतोय. रडणं नाही, काही नाही.
हंगाम सरला की डरम बंद.
मग काय करावं, सांगा."
पंचशीला हळदीवर जाते,
हंगाम नसला की गिरणीत भुकटीवर.
हात धुतले तरी पिवळे,
सही करते तिथं कागद पिवळा.

मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला,
त्यात सुकी हळकुंडं टाकली, एकोणीस.
हलवला.
पहिल्यांदा तो माझ्याकडं आला,
म्हणजे डब्याकडं.
मोजायला पाच गुरुवार लागले.
म्हणजे पाच महिने.

हिंगोलीला बोर्ड बुधवारी.
पंचशीलानं मजुरी बुडवली, मी रजा टाकली.
नंबर त्र्याण्णव.
कुणाची कुबडी पडली, मोबाइल वाजले, पंखा करकरला,
आणि हा डबा मांडीवर घेऊन बसला,
खुळुखुळु, शांत.
मी कौतुकानं बघत राहिले. मूर्ख.

नाव काय?
"नाव काय," तो म्हणाला.
मग डबा हलवून: "प्रज्योत."
मोजता येतं? त्यानं मोजलं,
एकोणीसपर्यंत, न चुकता.
"चांगला बसतोय की," डॉक्टर म्हणाले,
आणि स्वमग्नतेपुढं आकडा टाकला: अडतीस.

चाळीसच्या खाली भत्ता नाही,
सोबत येणाऱ्याचे पैसे नाहीत.
पंचशीला टेबल धरून उभी राहिली.
"दोन टक्के वाढवा की साहेब.
घरी असा नसतोय.
ह्या मॅडमनं शिकवलंय म्हणून."
डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.
मी तिच्या बोटांच्या पिवळ्या ठशाकडं,
जो काचेवर उमटला होता.

एसटीत ती काही बोलली नाही.
औंढ्याला तिनं पिशवीतली भाकर काढली,
अर्धी मला दिली.
ते जास्त लागलं.

आज महिनाअखेर. भेट अहवाल भरायचाय.
रकाना नऊ: विद्यार्थ्यात झालेली प्रगती.
लिहिली, तर पुढच्या तपासणीत
कुणीतरी तोच कागद पुढं करील.
नाही लिहिली, तर माझी ऑर्डर.
पेनाचं टोपणसुद्धा काढलेलं नाही.

काल तिचा फोन आला होता.
टक्क्यांचं काही बोलली नाही.
म्हणाली, डब्यात वीस झालीत मॅडम,
एक त्यानं आपलं आपणच आणून टाकलंय.
कुठनं आणलं, सांगंना झालाय.